डाव्या हाताची पहिली

गुरुजी गेल्याची बातमी मला वर्गात मिळाली. मी बारामतीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. त्या वेळी आमचं मातीकाम चाललं होतं. पोरं मातीचे गोळे करून त्यांचे साप वळत होती, कारण साप वळता आला की त्याला वाकवून अक्षर करता येतं. टेबलावरचा फोन थरथरला. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी गुरुजींचा फेटा बांधलेला फोटो टाकला होता आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी फोन पालथा ठेवला आणि पोरांचे साप सरळ करत बसले. कुणी गेलं की पोटात तुटतं म्हणतात. माझ्या पोटात तुटलं नाही, डोक्यात तिडीक उठली. "गेले! काम अर्धवट टाकून गेले!" असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा. पुढं बसलेल्या पोरीनं विचारलं, "कोण गेलं बाई?" मी म्हटलं, "माझे पहिलीचे गुरुजी." ती म्हणाली, "मग सुट्टी हाय का?"

ते अर्धवट काम काय होतं ते आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवल्यासारखं व्हायला नको. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. 'चुकलो.' एवढाच. हार नको, सत्कार नको, रडारड तर अजिबात नको. सहा वर्षांच्या वयापासून मी त्या शब्दाची वाट बघत होते आणि गेल्या हिवाळ्यात तो अगदी त्यांच्या पाटीपर्यंत येऊन पोचला होता...

गावात शोकसभा झाली. मंदिरापुढं मांडव, खुर्च्या, माइकची खरखर. एकेक जण उठायचा आणि म्हणायचा, गुरुजींनी आम्हाला वळण लावलं. खताचा दुकानदार आमच्याच वर्गातला. तो म्हणाला, "गुरुजींचा मार खाल्ला म्हणून आज आमी हितं उभं हाय." मनात म्हटलं, बाबा, तू उभा आहेस तो तुझ्या बापाच्या दुकानात. मग कुणीतरी माझ्याकडं बोट केलं, "मॅडम पण गुरुजींच्याच हाताखालच्या, त्यांनी दोन शब्द बोलावं." मी उठले आणि म्हटलं, "गुरुजींची माझ्या हातावर विशेष मर्जी होती." आणि खाली बसले. टाळ्या पडल्या! शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेसुद्धा ज्यांना गुरुजींनी शिकवलं नाही, त्यांना माझं बोलणं काय कळणार? तेव्हाच ठरवलं, हे सविस्तर लिहायचं. गुरुजींचं नाव मात्र लिहिणार नाही, गावाचंही नाही. इंदापूर तालुक्यातलं, उसात बुडालेलं एक गाव, एवढं पुरे. त्यांच्या मुलाचा, सुनेचा यात काही दोष नाही, आणि काकूंचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, तर नाहीच नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

मी शाळेत गेले तेव्हा मला अक्षरं येत होती. थोरल्या भावाच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि तो काढेल ते मी काढायचे. तो उजव्या हातानं, मी डाव्या. घरात कुणाच्या ते डोळ्यावर आलं नव्हतं. आई म्हणायची, "पोरगी डावरी हाय, आपल्या आज्ज्यावर गेली." आजा डाव्या हातानं कुऱ्हाड चालवायचा आणि त्याच्या कुऱ्हाडीला अख्ख्या वस्तीत तोड नव्हती. शाळेत पहिल्याच दिवशी मी पाटीवर 'ग' काढला. चांगला आला होता, अजून डोळ्यापुढं आहे. गुरुजी माझ्या मागं येऊन उभे राहिले. उंच, गोरे, पांढरा पायजमा, सदऱ्याच्या खिशाला पेन. मला वाटलं, शाबासकी मिळणार. मी मान वर करून हसले. त्यांनी विचारलं, "कोणत्या हातानं काढलास?" मी हात वर केला. "तो हात कशाचा हाय ठावं हाय का?" सगळा वर्ग हसला. खेड्यात डावा हात कशाचा ते पोरालाही ठाऊक असतं. त्यांनी ओल्या फडक्यानं माझा 'ग' पुसला आणि म्हणाले, "उजव्यानं काढ." उजव्यानं जे आलं ते बघून वर्ग पुन्हा हसला.

मग रिबिनीचं सुरू झालं. आई माझ्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधायची. गुरुजी त्यातली एक सोडायचे, माझा डावा हात पाठीमागं घ्यायचे आणि परकराच्या नाडीला मनगट बांधून टाकायचे. रागानं नाही हो. अगदी शांतपणे, जणू शेळी दावणीला बांधावी तसं. शाळा सुटताना सोडायचे. मी घरी यायची ती एक वेणी सुटलेली. आई वैतागायची, "रोज येकच रिबीन कशी सुटती तुझी?" मी सांगितलं. आईनं माझ्या वडिलांना, आबांना सांगितलं. आबा दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मला वाटलं, आता गुरुजींची खैर नाही. माझे आबा साखर कारखान्याच्या गव्हाणीवर उसाच्या गाड्या खाली करणारे, आवाज असा की ट्रॅक्टरवाला दचकायचा. ते दारात उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी करताय ते बरोबरच हाय. घरी बी आमी ध्यान ठेवतो." त्या दिवसापासून जेवताना माझा डावा हात मांडीखाली. उचलला की आईची नजर. म्हणजे शाळेत गुरुजी, घरी आई, आणि मधल्या रस्त्यावर पोरं, "ए डावरे, ए डावरे" करत मागं मागं.

सगळ्यात मोठा घाव दसऱ्याचा. आमच्याकडं दसऱ्याला पाटीपूजन असायचं. पाटीवर एक-एक-एक असे आकडे जोडून सरस्वती काढायची, आणि सगळ्यांच्या पाट्या फोटोपुढं ओळीनं मांडायच्या. मी ती घरी काढली. गोठ्यात बसून, डाव्या हातानं, कुणी बघत नसताना. अशी सरस्वती त्या ओळीत दुसरी नव्हती, हे मी आज पहिलीची बाई म्हणून सांगते, लाडानं नाही. गुरुजी फुलं वाहत वाहत माझ्या पाटीपाशी आले, थांबले आणि त्यांना कळलं. आकड्यांचा कल उलटा होता. अनुभवी मास्तर, कळणारच. त्यांनी पाटी उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवली. "ही पूजेला चालायची न्हाय." सगळ्यांना प्रसादाची बुंदी मिळाली, मलाही मिळाली, उजव्या हातावर. मी ती खाल्ली पण. भूक लागली होती.

पहिलीत पोरं काय शिकतात, यावर आम्हा शिक्षकांची प्रशिक्षणं होतात. तक्ते लावतात, गटचर्चा होतात, दुपारच्या जेवणात पुरी-भाजी असते. मी गप्प बसते. मला ठाऊक आहे पोर काय शिकतं ते. मुळाक्षरं आणि शंभरपर्यंत आकडे हे नंतरचं. आधी पोर शिकतं, की आपण कुणाच्या ओळीत बसायचं. लघवी किती वेळ धरायची. कुणाच्या हसण्यात आपण हसायचं आणि कुणाच्या नाही. आपलं शरीर आपलं आहे की मास्तरांचं. हे सगळं दिवाळीच्या आत शिकून होतं आणि जन्मभर विसरत नाही. मी दिवाळीच्या आत शिकले, की माझा एक हात माझा नाही.

उजव्यानं मी लिहायला शिकले, नाइलाजानं. पण अक्षर कायम कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. सातवीत पेपर पुरा होईना, दहावीत होईना. येत असून लिहून होईना. डी.एड.ला फळ्याच्या हस्ताक्षरात काठावर पास झाले. आजही मुख्याध्यापक फळ्याकडं बघून म्हणतात, "मॅडम, सुविचार दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या." भाकरी मी डाव्या हातानं थापते, बादली डाव्यानं उचलते, भांडताना बोट डावंच पुढं जातं. फक्त लिहायला तो हात कधी धजला नाही. आणि गंमत बघा, आमच्या दोन्ही तालुक्यांचं सोनं झालं ते नीरेच्या डाव्या कालव्यानं. त्याच पाण्यावर ऊस, त्याच पाण्यावर बंगले, गुरुजींची बागायतही त्याच पाण्यावर. तो डावा चालला. माझा चालला नाही.

निवृत्तीनंतर गुरुजी बारामतीत मुलाकडं राहायला आले. रस्त्यात दिसायचे. मी पदर सावरून नमस्कार करायची, ते "सुखी रहा" म्हणायचे आणि माझ्या आत काहीतरी कडकड वाजायचं. एकदा धीर करून विचारलं होतं, "गुरुजी, तुमी माझा हात बांधायचात, आठवतंय का?" ते हसले. "म्हणून तर मास्तरीण झालीस!" सोबतचे दोघं-तिघं पण हसले. वर्गात हसायचे तसेच. त्या दिवशी मी घरी जाऊन इतकी भांडी आपटली, की आमच्या ह्यांनी विचारलं, "कुनाच्या डोस्क्यात घालायचीत ही?"

गेल्या वर्षी पावसाळ्यात गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. हात, पाय आणि जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत. मला कळलं तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली, हे लिहायला मला लाज वाटत नाही. करावं तसं भरावं, असं म्हणत मी चहाही गोड केला. दिवाळीनंतर भाजी मंडईत काकू भेटल्या. वाळून गेल्या होत्या. "संगीता, लई हाल हायत गं. ते काय मागत्यात ते कळत न्हाय. पानी दिलं तर चिडत्यात, उशी दिली तर फेकत्यात. डागदर म्हनले, डाव्या हातानं लिवायला शिकवा. आता ह्या वयात त्यांना कोन शिकवनार? तू पयलीला शिकवतीस. येशील का?" मंडईच्या मधोमध, हातात मेथीची जुडी, आणि माझ्या मनात लाडू फुटले. मी म्हटलं, "येते की काकू. उद्यापासनंच येते." त्यांनी भर बाजारात माझे हात धरले. दोन्ही.

पण घरी आल्यावर ध्यानात आलं, डाव्यानं शिकवायचं तर करून दाखवायला पाहिजे, आणि मला कुठं येतंय? शाळेतून एक पाटी आणली होती. संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसले. पेन्सिल डाव्या हातात धरली तर पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटून मान वळवली. कुणी नव्हतं. मग 'ग' काढला. पुढं 'म' काढला, 'भ' काढला... आणि मला कळेना हे कोण लिहितंय. गोल, मोकळी, एकसारखी अक्षरं. जणू इतकी वर्षं तो हात आत कुठंतरी बसून गिरवतच होता. आमचे हे पाणी प्यायला आले आणि पाटी बघून म्हणाले, "कुना पोराची हाय? लई सुरेख अक्षर हाय." मी म्हटलं, "माझं हाय." ते हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. मी ओट्यावर डोकं टेकून रडले. दुःखानं नाही, संतापानं. हे अक्षर माझं होतं! दहावीचे पेपर या अक्षरात पुरे झाले असते. फळ्यावरचा सुविचार या अक्षरात लिहिला असता. माझ्या हक्काची गोष्ट एका माणसानं रिबिनीनं बांधून ठेवली आणि वर म्हणाला, म्हणून तर मास्तरीण झालीस. त्या संध्याकाळी मी ठरवलं, गुरुजींना लिहायला शिकवायचं. आणि शिकवून त्यांच्याच हातानं, त्यांच्याच डाव्या हातानं, 'चुकलो' लिहून घ्यायचं.

पहिल्या दिवशी मी पिशवीतून पाटी काढली. मुलगा म्हणाला, "अहो मॅडम, चांगली वही आणतो की." मी म्हटलं, "पहिलीला पाटीच असते." गुरुजी खुर्चीत उशीला टेकवलेले, समोर स्टूल. मी त्यांच्यापुढं वाकले. "ओळखलं का गुरुजी? मी डावरी." त्यांचा ओठ एका बाजूला ओढला गेलेला, त्यामुळं ते हसले की काय झालं ते कळलं नाही. डोळे मात्र माझ्यावरून पाटीवर गेले आणि पाटीवरून माझ्या हातावर. मी डाव्या हातानं उभ्या रेघा काढल्या. "काढा आता." त्यांची पेन्सिल तिसऱ्या रेघेला मोडली. मी म्हटलं, "दाबू नका. अंगातली मस्ती पेन्सिलीवर काढायची न्हाय." हे वाक्य त्यांचंच होतं, शब्द न् शब्द. काकू पलीकडं वाती वळत होत्या, त्यांना काय ठाऊक? त्या म्हणाल्या, "किती मायेनं शिकवती बघा."

रोज शाळा सुटली की मी जायचे. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं चाललेल्या, गाणी लावलेली, धूळ उडालेली, आणि मी स्कूटीवर मनातल्या मनात पुढचा पाठ रचत. उभ्या रेघा, आडव्या रेघा, अर्धगोल, मग 'ग', 'म', 'भ', 'न'. ते चुकले की मी पुसायचे. फडकं ओलं करून, सावकाश, सगळंच. नुसतं चुकलेलं अक्षर नाही, चांगली आलेलीसुद्धा. त्यांच्या घशातून घुर्रर्र आवाज यायचा. मी म्हणायचे, "आवाज न्हाय पाहिजे." एक दिवस ओळ चालू असताना त्यांनी पेन्सिल ठेवली आणि करंगळी वर केली. मला आधी समजेना. मग समजलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पहिलीतल्या पोरासारखी करंगळी दाखवत होता, कारण बोलून सांगता येत नव्हतं. मला माझी करंगळी आठवली. उजवी, कारण डावी बांधलेली होती. मी ती दाखवली होती आणि ते म्हणाले होते, "पाढा पुरा होऊ दे." मग मला जायला सोडलं तेव्हा नाडीची आणि रिबिनीची गाठ एकातएक अडकलेली, आणि एका हातानं ती सुटेना... बसायच्या पट्टीवरचा तो ओला डाग सगळ्या वर्गानं बघितला. मी गुरुजींना म्हटलं, "थांबा. एवढी ओळ पुरी करा." त्यांनी ओळ पुरी केली. थरथरत केली. मग मी मुलाला हाक मारली. वाचकहो, तुम्हाला वाटत असेल, बाई दगडाची आहे. असू दे.

संक्रांतीपर्यंत त्यांना शब्द लिहिता यायला लागले. पाणी, चहा, पंखा, उशी. घर हरखून गेलं. ते उशी का फेकायचे तेही कळलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मऊ नको'. एवढ्यासाठी अख्खं घर महिनोन्महिने उशा झेलत होतं. काकू मला तिळगूळ देताना म्हणाल्या, "तू मागच्या जल्मीची माझी लेक." मी तिळगूळ खाल्ला आणि मनात म्हटलं, काकू, लेक नाही, मी तुमच्या दारात उट्टं काढायला आलेय. तोवर माझी आखणी चाललेलीच होती. 'चुकलो' लिहायला च पाहिजे, क पाहिजे, ल पाहिजे. एक उकार आणि एक ओकार. मी 'चमचा' घेतला, 'कप' घेतला. लोण्यावरून ओकार घेतला. आणि ज्या दिवशी 'च'ला उकार देऊन 'चुना' लिहून दाखवला, त्या दिवशी गुरुजींनी पाटीवरून नजर उचलली आणि माझ्याकडं रोखून पाहिलं. विसरलेच होते, हा माणूस अख्खी नोकरी पहिलीलाच शिकवत होता. कुठल्या अक्षरामागून कुठलं येतं आणि मास्तर पोराला कुठं नेतोय, हे त्यांच्याशिवाय कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी मी आडपडदा ठेवला नाही. "लिहा. चुकलो." त्यांनी 'चहा' लिहिलं. मी पुसलं. "चुकलो." त्यांनी 'चमचा' लिहिलं. मी पुसलं. असं किती दिवस चाललं! मी तोच शब्द म्हणायची आणि ते चुली, चुलते, चुना, चिवडा, सगळी बाराखडी हिंडून यायचे, पण त्या उंबऱ्यापाशी येऊन मागं फिरायचे. एकदा तर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'नाही'. काही मागायला नाही, मला उत्तर म्हणून लिहिलेला तो त्यांचा पहिला शब्द. आणि अक्षर असं वळणदार, की शिक्षिका म्हणून माझी मान ताठ व्हावी आणि माणूस म्हणून पाटी फोडावी. मी काकूंपाशी तोंड उघडलं. रिबीन, नाडी, सरस्वती, सगळं सांगितलं. काकूंनी हातातली वात पुरी वळली. मग म्हणाल्या, "आगं, त्या काळी समदेच करायचे. त्यांनी काय मुद्दाम केलं का?" या 'समदेच'नं माझं डोकं फिरतं. माझ्या वर्गात डावखुरं पोर आलं की आई-बाप अजून म्हणतात, "मॅडम, तेवढं हाताचं बघा." मी सांगते, "हात त्याचा हाय. तुमचा काय जळतोय?" कुणीतरी नको म्हणायला पाहिजे की नाही? मी काकूंना म्हटलं, "समद्यांनी माझा हात बांधला न्हाय काकू. ह्यांनी बांधला." गुरुजी ऐकत होते. काकू वातींचं ताट उचलून आत गेल्या. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

होळीच्या आधी मी शेवटचं गेले. शेवटचं आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मुलगा-सून कामावर, काकू आत चहा टाकत होत्या. राग धरणं त्यांना जमत नाही. मी स्टुलावर पाटी ठेवली, लाकडी पट्टीनं ओळी आखल्या आणि म्हटलं, "लिहा." बस्स एवढंच. कुठला शब्द ते सांगायची गरज उरली नव्हती. गुरुजींनी पेन्सिल घेतली. 'चु' लिहिलं. मग बराच वेळ ते त्या 'चु'कडं बघत बसले... आणि सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी तो पुसून टाकला. पेन्सिल खाली ठेवली. मी आता ओरडणार, तेवढ्यात त्यांनी डावा हात पुढं केला. तळवा वर, बोटं एकमेकांना चिकटवून, अंगठा बाजूला. वर्गात पोर मास्तरांपुढं हात करतं ना, तसा. आणि डोळ्यांनी पट्टीकडं खूण केली.

मारली का? वाचक हेच विचारणार. मारली. क्षणभरही थांबले नाही. पट्टी कधी डाव्या हातात आली तेही मला कळलं नाही. सट्ट आवाज झाला. त्यांच्या पापण्या मिटल्या, पण हात मागं घेतला नाही. तळव्यावर लाल पट्टा उठला. माझ्या छातीतलं काहीतरी, इतकी वर्षं आवळून बांधलेलं, सैल झालं. आनंद झाला, खरंच सांगते. मी पट्टी खाली ठेवायला लागले, तर त्यांनी मान हलवली. गुरुजींच्या वर्गात कधी एका हातावर भागायचं नाही. एक या हातावर, एक त्या, हा त्यांचा नेम होता. त्यांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं. मांडीवर पडलेला तो हात ओझ्यासारखा उचलला, स्टुलावर पाटीशेजारी आणून ठेवला, आणि डाव्यानंच त्याची मिटलेली बोटं एकेक करून उघडली. मग माझ्याकडं पाहिलं. याच हातानं त्यांनी माझी रिबीन सोडली होती. याच हातानं सरस्वती भिंतीकडं फिरवली होती. मी पट्टी उचलली आणि पहिलीपेक्षा जोरात मारली. अंगातलं सगळं बळ लावून.

आतून काकूंनी विचारलं, "काय पडलं गं?" गुरुजींनी जड जिभेनं उत्तर दिलं, "शा... ळा." काकू हसत चहा घेऊन आल्या. मी चहा घेतला, बशी विसळून ठेवली, पाटी पिशवीत टाकली आणि पाया न पडता निघाले. होळी झाली आणि त्यांना दुसरा झटका आला.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाविषयी मनात काही ठेवू नये. मीही ठेवलं नसतं. डाव्या हातावरची फिटली, ते मी मान्य करते. पण त्या उजव्या हाताला पहिल्या झटक्यापासूनच ना टाचणी कळायची, ना चटका. दुसरी पट्टी त्यांना लागलीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ते माझ्याकडं बघत बसले, हात तसाच उघडा ठेवून, लागायची वाट बघत.